गावरान बोलीचा सन्मान

१९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटास गोविंदराव टेंबे यांनी संगीत दिले व हरिश्चंद्राची भूमिकाही केली. तेव्हा नट स्वतःच गात. भाषा मात्र ग्रांथिक असे. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. त्यात अजय-अतुल यांची अवघी चार गीते. त्यांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद थेट हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झाला. शब्द मात्र अस्सल गावरान! १९१८ साली नव्हे, २०१८ साली ‘धडक’ या हिंदी चित्रपटाने त्यांतील चाली घेतल्या. बोली इथेच राहिली. पडेगावच्या मुलांची असलीच बोली मी वर्षानुवर्षे ‘अशुद्ध’ म्हणून खोडीत आलो. तीच मुले ही गीते ताठ मानेने गाऊ लागली. माझ्या तांबड्या शाईने हिरावलेले या चार गीतांनी परत दिले, हे मी नम्रपणे कबूल करतो.