दुधाचा चोर ते रुग्णालयातील रुग्ण: हेजहॉगच्या पुनर्वसनाचा इतिहास

१/
१५६६ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, इंग्लंडच्या संसदेने धान्यरक्षणासाठी एक कायदा संमत केला. उपद्रवी ठरवलेल्या पशुपक्ष्यांची डोकी आणून देणाऱ्यास गावोगावच्या चर्चचे कारभारी इनाम देऊ लागले. त्या यादीत हेजहॉगही होता. दर ठरला होता, डोक्यामागे २ पेन्स.

२/
हेजहॉग म्हणजे जाहक. अंगावरील काट्यांमुळे तो साळिंदराचा भाऊबंद वाटतो, पण तसे नाते नाही. साळिंदर उंदीर-खारींच्या गणातला, तर हेजहॉग भुंगेरे, अळ्या आणि गांडुळे खाणारा लहानसा निशाचर. मग त्याचा अपराध कोणता? रात्री बसलेल्या गाईंच्या आचळांना लागून तो दूध पितो, असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता. या समजापायी पिढ्यानपिढ्या हेजहॉग मारले गेले.

३/
विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र पालटू लागले. १९०५ मध्ये बिएट्रिक्स पॉटर यांचे ‘द टेल ऑफ मिसेस टिगी-विंकल’ प्रसिद्ध झाले. त्यातील कष्टाळू धोबीण ही हेजहॉग होती. त्याच नावाचा हेजहॉग पॉटर यांनी स्वतः पाळला होता. बागेतल्या गोगलगायी खाणारा हा प्राणी लोकांना मित्र वाटू लागला आणि त्याच्यासाठी परसदारी दूध-पावाची बशी ठेवली जाऊ लागली.

४/
इथेच इतिहासाने विचित्र वळण घेतले. हेजहॉगला गाईचे दूध पचत नाही. त्याने जुलाब होतात, आणि आधीच अशक्त असलेला प्राणी त्यात दगावूही शकतो. ज्या दुधाच्या चोरीचा आळ घेऊन त्याला मारले गेले, तेच दूध आता मायेपोटी त्याच्या जिवावर उठले. द्वेषामागे जे अज्ञान होते, ते प्रेमामागेही तसेच शिल्लक होते.

५/
या अज्ञानावर उपाय शोधणारी माणसे १९७०च्या दशकानंतर पुढे आली. १९७८ मध्ये लेस स्टॉकर आणि त्यांच्या कुटुंबाने बकिंगहॅमशरमध्ये जखमी वन्यप्राण्यांवर उपचार सुरू केले. त्यातूनच पॉटर यांच्या धोबिणीचे नाव मिरवणारे ‘सेंट टिगीविंकल्स’ रुग्णालय उभे राहिले. १९८२ मध्ये मेजर एड्रियन कोल्स यांनी ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्वेशन सोसायटी स्थापन केली. गुरे अडवण्यासाठी रस्त्यातील खड्ड्यांवर लोखंडी दांड्या टाकलेल्या असत. त्या खड्ड्यांत पडलेल्या हेजहॉगना वर चढता यावे म्हणून आत उतरंड बांधावी, हा त्यांचा साधा आग्रह होता.

६/
उपचारांची रीत अनुभवातून घडत गेली. भर दिवसा उघड्यावर झोकांड्या खाणारा हेजहॉग बहुधा आजारी असतो. त्याला आधी ऊब द्यायची, मग पाणी आणि त्यानंतर अन्न, कारण गारठलेल्या देहाला अन्न पचवता येत नाही. फुप्फुसांतील जंतांवर औषध द्यायचे, जखमा धुवायच्या आणि रोज वजन करायचे. शरद ऋतूत उशिरा जन्मलेली पिल्ले शीतनिद्रेपूर्वी अर्ध्या किलोच्या आसपास पोहोचली नाहीत, तर हिवाळ्यात तगणे त्यांना कठीण जाते. अशा पिल्लांना वसंतापर्यंत सांभाळावे लागते.

७/
पण बरा झालेला प्राणी रानात सोडल्यावर जगतो का? हा प्रश्न १९९०च्या दशकात पॅट मॉरिस आणि ह्यू वॉर्विक यांनी हाती घेतला. माणसांच्या हातांत वाढलेल्या पिल्लांच्या काट्यांवर चिमुकले रेडिओ-प्रेषक चिकटवून त्यांनी रात्रीमागून रात्री त्यांचा माग काढला. काही पिल्ले बॅजरच्या तावडीत सापडली, काही मोटारींखाली गेली. मात्र अन्न शोधणे आणि घरटे बांधणे रानाचा पूर्वानुभव नसलेल्या पिल्लांनाही जमले.

८/
या ज्ञानाची खरी कसोटी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर लागली. १९७४ मध्ये साउथ यूइस्ट बेटावर बागेतल्या गोगलगायींवर उपाय म्हणून मोजके हेजहॉग नेण्यात आले होते. पुढे त्यांची संख्या हजारोंवर गेली आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या लॅपविंग, डनलिन यांसारख्या पक्ष्यांची अंडी ते फस्त करू लागले. पक्ष्यांची हानी खरी होती. २००३ मध्ये ‘स्कॉटिश नॅचरल हेरिटेज’ या सरकारी संस्थेने हेजहॉगना मारण्याची मोहीम सुरू केली. त्यांना मुख्य भूमीवर नेऊन सोडले तर ते हालहाल होऊन मरतील, असा संस्थेचा युक्तिवाद होता.

९/
प्राणिमित्र संघटनांनी बेटावरून हेजहॉग जिवंत बाहेर काढण्याचा चंग बांधला. जिवंत हेजहॉग आणून देणाऱ्या बेटवासीयांना त्यांनी रोख बक्षीस दिले. १५६६च्या इनामाची दिशाच जणू उलटी झाली! पण सरकारी युक्तिवाद खोडण्यासाठी भावना पुरेशी नव्हती, पुरावा हवा होता. वॉर्विक यांनी बेटावरून एअरशरमध्ये आणून सोडलेल्या हेजहॉगचा माग ठेवला. त्यांतील बहुतेक पाहणीच्या काळात तगले. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २००६च्या अभ्यासातही एक गोष्ट स्पष्ट झाली: महिनाभराहून अधिक काळ सांभाळून, वजन वाढवून सोडलेले हेजहॉग थेट नव्या जागी सोडलेल्यांपेक्षा अधिक तगतात. २००७ मध्ये मारण्याची मोहीम थांबली आणि स्थलांतराचा मार्ग स्वीकारला गेला.

१०/
तरीही ही कथा सुखान्त म्हणता येत नाही. २०२० मध्ये ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत हेजहॉगची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात झाली. शेतांच्या कडेची झुडपी कुंपणे तुटली, रस्त्यांवरची वाहने वाढली. रुग्णालय रुग्णाला बरे करू शकते, परतण्याजोगे रान मात्र त्याला निर्माण करता येत नाही.

११/
चर्चच्या जुन्या हिशेबवह्यांत हेजहॉगच्या डोक्यांची संख्या आणि दिलेले पेन्स यांच्या नोंदी आजही सापडतात. रुग्णालयांतही नोंदी होतात: कुठे सापडला, वजन किती, औषध कोणते, कधी सोडला. एका वहीत मृत्यूचा भाव लिहिलेला आहे, तर दुसरीत ग्रॅमागणिक वाढत जाणारे आयुष्य. माणसाचे वन्यजीवांशी बदलत गेलेले नाते समजून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाने या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात.