युरियाची गोष्ट: राबापासून गोळीपर्यंत

महाडचा इतिहास म्हटला की आपण रायगड आणि चवदार तळ्यापाशी थांबतो. आज महाड-पोलादपूरच्या भातखाचरात उतरू.

पूर्वी रोपांसाठी राब भाजायचे. पालापाचोळा, शेण जळायचं आणि त्यातलं बरंच नत्र धुरात जायचं. 1985 पासून आपल्याच जिल्ह्यात, थळला युरिया बनू लागला. पण वरून फेकलेला युरिया पावसात वाहून जातो, थेट सावित्रीकडे.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत यावर तोडगा आहे: चार चुडांच्या मधोमध 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी गोळी, 7 ते 10 सेंटीमीटर खोल. तिथे नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतं.

मग अडतं कुठे? गोळी हाताने खोचावी लागते, आणि गावातले कितीतरी हात मुंबईला. आजीला विचारा, लावणीला तेव्हा किती माणसं असायची?