गेडचा वर्ण

१९६७ साली अमेरिकेतील बर्कली येथील पार्नासस प्रेस या लहानशा प्रकाशनसंस्थेचे चालक हर्मन शाइन यांनी उर्सुला ले ग्विन यांच्याकडे एका पुस्तकाची मागणी केली. ज्यांचे बालपण सरले आहे, पण प्रौढत्व अद्याप उगवलेले नाही, अशा वाचकांसाठी ते हवे होते. विषयाचे बंधन नव्हते. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या या लेखिकेने मुलांसाठी तोवर काही लिहिले नव्हते. मात्र त्यांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे वृद्धच असतात; ते तरुणपणी काय करीत असतील? कोठे शिकत असतील, कोणत्या चुका करीत असतील? या प्रश्नातून १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी अवतरली.

त्या काळी अमेरिकन मुलांच्या पुस्तकांतले जग कसे होते, याची मोजदाद उपलब्ध आहे. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ विदुषींनी मागील तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांचा आढावा घेतला. त्यांपैकी अवघ्या ६.७ टक्के पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती आढळली. अद्भुतकथांची अवस्था तर याहून एकरंगी. नायक गोरा, त्याचा देश थंड हवेचा, आणि अंधाराकडून येणारे ते शत्रू. आपण मात्र यावर फार नाके मुरडू नयेत. आपल्याकडच्या गोष्टींतही राजकन्या बहुधा गोरीपानच असते आणि राक्षस काळाकभिन्न.

ले ग्विन यांचा नायक गेड हा गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा पोरका मुलगा. आई तो वर्षाचा होण्यापूर्वीच वारलेली, बाप अबोल लोहार. हा मुलगा तांबूस तपकिरी वर्णाचा आहे. जादूगारांच्या विद्यालयात त्याला भेटणारा जिवाभावाचा मित्र व्हेच त्याहूनही सावळा, जवळजवळ काळा. द्वीपसमूहातील बहुतेक सारी माणसे अशीच सावळ्या वर्णाची. गोऱ्या कातडीचे आणि पिवळ्या केसांचे लोक पहिल्याच प्रकरणात येतात ते गावे जाळीत, लुटालूट करीत! पण लेखिका याचा कोठेही डांगोरा पिटत नाहीत. वर्णाचा उल्लेख येतो तो डोळ्यांच्या किंवा केसांच्या उल्लेखासारखा, ओघाओघात. गोऱ्या वाचकाने आधी गेडच्या सुखदुःखात शिरावे आणि मगच आपण कोणाच्या कातडीत वावरत आहोत हे त्याच्या ध्यानी यावे, असा त्यांचा हेतू होता. पुढे त्यांनी तो स्वतःच सांगितला.

या दृष्टीचे मूळ बहुधा त्यांच्या घरात असावे. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ज्यांचा निर्वंश केला त्या याही जमातीचा अखेरचा मनुष्य १९११ साली कॅलिफोर्नियात सापडला, तेव्हा त्याला आसरा मिळाला तो क्रोबर यांच्या संग्रहालयात. त्याने आपले खरे नाव कधीच कोणाला सांगितले नाही. ‘इशी’, म्हणजे नुसते ‘माणूस’, या नावानेच तो ओळखला गेला आणि १९१६ साली क्षयाने वारला. ले ग्विन यांच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, त्याची कहाणी लिहिली. तिची मुलांसाठीची आवृत्ती १९६४ साली याच पार्नासस प्रेसने काढली आणि तिची चित्रे रूथ रॉबिन्स यांनी काढली. गेडच्या कादंबरीच्या चित्रकारही त्याच. अर्थसीच्या बेटांवर प्रत्येकाचे खरे नाव गुप्त असते आणि केवळ विश्वासातल्या माणसालाच ते कळते, हे वाचताना मला तरी इशी आठवल्यावाचून राहत नाही.

ते खरे नाव गेडला मिळण्याचा प्रसंग आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल. तेरा वर्षांचा मुलगा उघड्या अंगाने थंडगार झऱ्यातून चालत जातो, पैलतीरी गुरू त्याचा दंड धरतो आणि कानात नाव सांगतो. बाप्तिस्म्याचे स्मरण होणे साहजिक आहे. परंतु लेखिका ख्रिस्ती परंपरेतल्या नव्हत्या, त्यांची ओढ चीनमधील ताओ विचाराकडे होती. तोच विचार कथेच्या शेवटी दिसतो. अहंकाराच्या भरात गेडने एका छायेला या जगात वाट करून दिलेली असते. ती त्याचा पाठलाग करते, मग तो तिचा करतो. अखेरीस तो तिला मारत नाही, तर स्वतःच्याच नावाने हाक मारून आपलीशी करतो. माझ्या मते किशोर वाचकाला या पुस्तकाचा जो लळा लागतो त्याचे कारण हेच. त्याला कोणाचा द्वेष करायला शिकवले जात नाही. आणि सावळ्या मुलामुलींना आणखी काही गवसले. अद्भुताच्या राज्यात आपल्यालाही जागा आहे असे प्रथमच वाटले, अशी पत्रे अमेरिकेतून व इंग्लंडमधून आपल्याला आल्याचे ले ग्विन यांनी नमूद केले आहे.

मुखपृष्ठांनी मात्र हा वर्ण टिकू दिला नाही. रॉबिन्सबाईंनी गेडचा चेहरा तांबूस तपकिरी रंगवला होता; नंतरच्या कित्येक आवृत्त्यांवर तो गोरा झाला. काळा नायक दिसला तर पुस्तक खपत नाही, हे विक्रेत्यांचे ठरलेले उत्तर. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिकेतही गेडची भूमिका गोऱ्या नटाला दिली गेली. पंचाहत्तर वर्षांच्या ले ग्विन यांनी ‘स्लेट’ या नियतकालिकात त्याविरुद्ध जाहीर लेख लिहिला. निर्मात्यांनी आपला सल्ला घेतला नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगून टाकले.

परंतु त्यांचा खरा मोठेपणा मला दुसऱ्याच ठिकाणी दिसतो. पहिल्या कादंबरीतल्या विद्यालयाची दारे मुलींना बंद होती आणि गावच्या चेटकिणींची विद्या हलकी ठरवलेली होती. १९७१ च्या दुसऱ्या भागात टेनार ही गोरी मुलगी नायिका झाली खरी, पण विद्येची सत्ता पुरुषांकडेच राहिली. एकीकडे वर्णाची भिंत पाडताना दुसरी भिंत आपणच उभी ठेवली, हे पुढे लेखिकेच्या लक्षात आले. १९७२ च्या तिसऱ्या भागानंतर तब्बल अठरा वर्षांनी, १९९० साली, ‘तेहानू’ आली. तिच्यात टेनार ही मध्यमवयीन विधवा आहे, गेडची विद्या संपलेली आहे, आणि कथेच्या केंद्रस्थानी आहे आप्तांनीच आगीत लोटलेली, अर्धा चेहरा भाजलेली एक मुलगी. साहसाच्या अपेक्षेने आलेले काही वाचक त्यामुळे नाराज झाले. ले ग्विन यांनी जुनी पुस्तके दुरुस्त केली नाहीत. त्याच बेटांवर त्या पुन्हा गेल्या आणि पूर्वी जे नजरेआड राहिले ते त्यांनी पाहिले, एवढेच.

पहिल्या कादंबरीच्या पन्नाशीनिमित्त साऱ्या भागांची सचित्र एकत्रित आवृत्ती काढायचे ठरले. चार्ल्स व्हेस हे चित्रकार आपली रेखाटने ले ग्विन यांना दाखवीत आणि त्यांच्या सूचनांनुसार बदलीत. ती आवृत्ती २०१८ च्या ऑक्टोबरात आली. त्याच वर्षी २२ जानेवारीला पोर्टलंड येथे ले ग्विन निवर्तल्या होत्या.