आपल्या कारखान्यांतील तिसऱ्या तारेचा इतिहास

ज्ञातीच्या इतिहासावर लिहावयाचे म्हणजे मूळपुरुष, देवक आणि स्थलांतरे यांविषयी लिहावे, असा आपल्या स्मरणिकेचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. परंतु सुताराचा इतिहास हा त्याच्या हत्यारांचाही इतिहास असतो. वाकस, पटाशी, रंधा, करवत, सामता ही हत्यारे पिढ्यानुपिढ्या आपल्या हातांत राहिली. त्यांपासून होणारी इजा डोळ्यांस दिसे आणि तिचा बंदोबस्त हाताच्या सवयीनेच होई. विजेचे हत्यार आले तेव्हा मात्र ज्या भागास धार नाही, तोही प्राण घेऊ शकतो हे नव्याने शिकावे लागले. ते शिक्षण शहापुरात किंवा अन्यत्रही अद्याप पुरे झालेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात १८८२ मध्ये विजेचे दिवे लागले आणि १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत गिरण्यांस मिळू लागली. १९१० चा विद्युत कायदा या दोहोंच्या मधला. आपला भंडारा जिल्हा त्या काळी मध्यप्रांतात होता. १९५६ च्या नोव्हेंबरात तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्रात आला आणि त्याच वर्षी २० जून रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. राज्ये बदलत असताना सर्व देशास लागू असा एक दस्तऐवज मात्र १९५६ सालीच सिद्ध झाला होता, तो म्हणजे भारतीय विद्युत नियम.

त्यांतील ६१ वा नियम आपल्या प्रत्येक कारागिराने वाचावयास हवा होता. विजेच्या यंत्राचे जे धातूचे अंग वीज वाहण्यासाठी नाही, ते जमिनीशी जोडलेले असले पाहिजे, असा त्याचा आशय. मध्यम दाबाच्या मोटारीच्या सांगाड्यास तर असे दोन स्वतंत्र जोड सांगितले होते. २५० व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यात भिंतीवरील बटणे, छताचे पंखे अशा वस्तूंस नियमाने सवलत दिली. हातदिवे आणि हलविता येणारी उपकरणे यांस ती मुद्दाम नाकारली. नियम करणाऱ्यांनी कारागिराचा हात डोळ्यांसमोर ठेवला होता, हे यावरून दिसते. पंखा आपण क्वचित शिवतो. ड्रिल मुठीत आवळून धरतो. वीज पुरविणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत भूसंपर्काचे टोक द्यावे, असे ३३ व्या नियमाने सांगितले होते. हे नियम आज जारी नाहीत. त्यांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी २०१० मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये घेतली. तत्त्व तेच राहिले.

घोटाळा कोठे झाला? करवतयंत्राची मोठी मोटार जमिनीत बोल्टांनी आवळलेली असे. तिची भूतार एकदा जोडली की सहसा कोणी हात लावीत नसे. हातातील हत्याराची गोष्ट वेगळी. जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन या कारखान्याने १८९५ मध्ये विजेचे हात-ड्रिल बनविले. तेव्हापासून पुढे दीर्घकाळ अशा हत्यारांचे अंग धातूचेच असे. आपल्याकडे मुंबईच्या राली वुल्फची ड्रिले सर्वांच्या परिचयाची होती. हत्याराबरोबर वायर फिरते, वाकते, पायाखाली येते. आणि तिच्यातील हिरवी तार तुटली तरी यंत्र चालतच राहते. लाल वा काळी तार तुटली तर काम बंद पडते, म्हणून ती दुरुस्त होते. हिरवी तुटली तर कोणास कळतही नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७४ चा आषाढ होता. शहापुरात आमच्या काकाजींचे लहानसे दुकान होते. जमीन मातीची, छप्पर कवेलूंचे. त्यांनी जुने अॅल्युमिनियमच्या अंगाचे ड्रिल विकत घेतले. बोर्डावर दोन भोकांचेच सॉकेट होते, म्हणून तीन पिनांचा प्लग कापून उघड्या तारा त्यात खोचल्या आणि हिरवी तार मागे दुमडून टाकली. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या चुलतभावाने ड्रिल उचलले, तो ते त्याच्या मुठीतून सुटेना. काकाजींनी धावत जाऊन बटण बंद केले, तरीही सुटेना! बटण न्यूट्रल तारेवर बसविलेले होते. यंत्र थांबले, पण त्याच्या अंगात वीज तशीच राहिली. शेवटी काकूंनी कोरडी सागाची फळी उचलून वायरीवर मारली आणि तारा सॉकेटातून निघाल्या. भाऊ वाचला. त्याच्या तळहातावरील काळा डाग मात्र आम्ही पुढे अनेक वर्षे पाहिला.

मूठ का सुटली नाही, याचा अभ्यास अमेरिकेत चार्ल्स डॅलझील यांनी केला होता. सुमारे १६ मिलिअँपियर प्रवाहावर सामान्य पुरुषाची मूठ स्वतःच्या इच्छेने उघडेनाशी होते. स्त्रीची याहून कमी प्रवाहावर. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टांवर त्याच्या देहातून २३० मिलिअँपियर, म्हणजे पाव अँपियरहूनही कमी प्रवाह जातो. पाच अँपियरच्या फ्यूजला याची दखलही नसते. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. तिसरी तार शाबूत असेल तर बिघाड होताच मोठा प्रवाह तिच्यातून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो.

परंतु तार जमिनीपर्यंत पोहोचली म्हणजे झाले, असेही नाही. खड्डा आणि रोहित्राकडील जोड मिळून रोध ८ ओहम असेल, तर जवळजवळ २९ अँपियर वाहतात व फ्यूज क्षणात जातो. तोच रोध ४६ ओहम झाला तर केवळ ५ अँपियर वाहतात; फ्यूज टिकतो आणि यंत्राचे अंग जिवंत राहते. आपल्या जिल्ह्यातील कन्हार जमीन ओल धरून ठेवते, बरड मात्र वैशाखात ठणठणीत कोरडी पडते. म्हणूनच मीठ-कोळसा घालून पुरलेल्या नळावर उन्हाळ्यात पाणी ओतावे लागते. १९६६ मध्ये निघालेल्या भूसंपर्काच्या भारतीय संहितेत नळाची लांबी किमान अडीच मीटर सांगितली आहे. हातभर सळई ठोकून समाधान मानणारे आपल्यात थोडे नाहीत.

शहापुराशेजारी जवाहरनगरला १९६४ मध्ये आयुधनिर्माणी उभी राहिली. स्फोटक द्रव्यांच्या कामात माणसाच्या अंगावर साचलेली स्थिरवीज ठिणगी पाडू नये म्हणून माणसालाच जमिनीशी जोडून घ्यावे लागते. सुताराच्या दुकानात याच्या उलट. यंत्र जमिनीशी जोडावयाचे आणि माणसाने कोरड्या फळीवर उभे राहावयाचे. असो.

अलीकडील हत्यारांमुळे एक नवा गैरसमज पसरला आहे. पुष्कळ ड्रिलांना व ग्राइंडरांना मुळातच दोन तारा असतात, आणि ते बरोबर आहे. त्यांत दुहेरी आवरण असते व पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. ती पाहून तरुण मंडळी म्हणतात, तिसरी तार जुन्या लोकांची भीती होती. परंतु ती खूण नसलेले धातूचे यंत्र दोन तारांवर चालविणे म्हणजे १९७४ चा आषाढ पुन्हा बोलावणे आहे. याहून वाईट प्रकार म्हणजे सॉकेटातील भूपिन न्यूट्रलला जोडून देणे. न्यूट्रल कोठे तुटली की यंत्राचे सारे अंग जिवंत होते. ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक खटका बसविल्यास तो जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांतील फरक ओळखून निमिषार्धात पुरवठा तोडतो. तो बसवावाच; पण त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. न दाबलेला खटका गंजून अडकून बसला, तर वेळेवर उडत नाही.

काकाजी १९७४ नंतर खंडेनवमीला एक गोष्ट न चुकता करीत. मुख्य स्वीच पाडून ते प्रत्येक प्लगचे झाकण उघडीत, हिरव्या तारेचा स्क्रू पेचकसाने आवळून पाहात, मग झाकण लावून हत्यारांना कुंकू वाहात. आज दुकान त्यांच्या नातवाकडे आहे. गेल्या नवमीला आम्ही गेलो तेव्हा पाटावर रंधे, पटाश्या, दोन ड्रिले व एक ग्राइंडर मांडलेले होते आणि नातू पेचकस घेऊन बसला होता. हळदकुंकवाची वाटी अजून बाजूलाच होती.