निवासी शिबिर : आयोजन आणि अर्थकारण (विशेष संदर्भ : कामण, ता. वसई)

समान हेतूने जमलेल्या गटाला एक किंवा अधिक रात्री घरापासून दूर ठेवून मुक्काम, जेवण आणि आखीव कार्यक्रम यांची ठरावीक शुल्कात सोय करण्याचा व्यवसाय. शहरांत याला सर्रास 'रिट्रीट' म्हणतात. योग, ध्यान, लेखन, चित्रकला, नाट्यवाचन, कंपन्यांच्या वार्षिक बैठका, पालक-मुलांचे सुट्टीतले वर्ग असे कोणतेही निमित्त त्याला चालते. सहलीला आलेला माणूस जागेचे पैसे देतो, तर शिबिराला आलेला वेळापत्रकाचे. जागा सुंदर निवडली आणि वेळापत्रक मोकळे सोडले, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोक कंटाळतात. ते पुन्हा येत नाहीत आणि दुसऱ्यांना सांगतही नाहीत.

पूर्वपीठिका : शिबिर महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेले आहे, नफ्यासाठी शिबिर चालवणे मात्र अजून तितकेसे पडलेले नाही. राष्ट्र सेवा दल (स्थापना १९४१), राष्ट्रीय सेवा योजनेची (१९६९ पासून) सात दिवसांची विशेष शिबिरे, बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी, गावोगावचे हरिनाम सप्ताह या सगळ्यांत शाळेच्या खोल्या, सतरंज्या, वर्गणी आणि कार्यकर्त्यांचे घाम गाळणे हेच भांडवल होते. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरतात. तिथे शुल्क नाही. ज्याने शिबिर पूर्ण केले त्याचेच दान स्वीकारतात. दुसरी परंपरा शुल्काची. लोणावळ्याचे कैवल्यधाम (१९२४) आणि उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम (१९४६) यांनी सेवाभाव न सोडता खोलीच्या दर्जानुसार पैसे आकारण्याची पद्धत रुळवली. भाईंदरजवळ उत्तन येथील रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी (१९८२) हे प्रशिक्षण शिबिरांसाठीच उभारलेल्या संकुलाचे उदाहरण. कामणच्याच पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यात गालतरे येथे २००३ पासून उभे राहिलेले गोवर्धन इको व्हिलेज आज मुंबईकर गटांचे परिचित ठिकाण आहे.

या दोन परंपरांपैकी पहिलीचा ठसा मराठी आयोजकाच्या मनावर खोल आहे. तो गाडीभाडे लिहितो, भाजीचा खर्च लिहितो, पण महिनाभर फोनवर घालवलेले तास आणि रात्री दोनला उठून पंप सुरू करणे कुठेच लिहीत नाही. मग शिबिर 'फायद्यात' गेले असे त्याला वाटते, आणि तिसऱ्या वर्षी तो थकून बंद करतो. प्रस्तुत नोंदीत नफा म्हणजे आयोजकाची मजुरी वजा करून उरलेली रक्कम.

ठिकाण म्हणून कामण : मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटी फाट्याला भिवंडीकडे वळले की कामणचा पट्टा सुरू होतो. वसई रोड-दिवा मार्गावर जूचंद्रनंतरचे स्थानक कामण रोड. पण या मार्गावर दिवसाकाठी गाड्या मोजक्याच, त्यामुळे गट रेल्वेने आणायचा तर वेळापत्रक गाडीभोवती बांधावे लागते. बहुतेक आयोजक लोकांना लोकलने वसई रोड किंवा नायगावपर्यंत बोलावतात आणि पुढे मिनीबस ठेवतात. गावाच्या पाठीशी तुंगारेश्वरची डोंगररांग आहे. तिचा मोठा भाग सुमारे ८५ चौ. किमी.च्या तुंगारेश्वर अभयारण्यात (२००३) मोडतो. दोन हजार फुटांहून उंच कामणदुर्ग, त्यावरची पाण्याची टाकी, चिंचोटीचा धबधबा, खाली भातशेती, खाडीच्या बाजूला मिठागरे अशी श्रीमंती इथे आहे.

जाहिरातीत जी येत नाही अशी बाजूही आहे. चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्ता भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या अवजड वाहनांचा आहे. आसपास दगडखाणी आहेत, औद्योगिक गाळे आहेत, मालिकांचे सेट आहेत. खाणीची धूळ येणाऱ्या आणि कंटेनरचे हॉर्न ऐकू येणाऱ्या जागेत मौनाचे शिबिर घेणे ही फसवणूकच ठरेल. त्याच जागेत नाटकाची तालीम किंवा कंपनीची बैठक मात्र खुशाल होते. म्हणून या पट्ट्यात आधी कार्यक्रम ठरवावा आणि मग जागा शोधावी. उलट क्रमाने जाणारे, म्हणजे मित्राचा फार्महाउस रिकामा आहे म्हणून शिबिर काढणारे, बहुधा पदरमोड करतात.

ऋतू : ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर हा खरा हंगाम. मार्चमध्ये परीक्षा आणि उकाडा, एप्रिल-मेमध्ये सुट्ट्या असल्या तरी पाण्याची ओढ. टँकरचा खर्च त्या महिन्यांच्या अंदाजपत्रकात आधीच धरावा. गणपती, नवरात्र आणि दिवाळीत गट मिळत नाहीत. पितृपंधरवड्यात मात्र लग्नकार्ये नसल्याने जागामालक दर उतरवायला तयार होतात, आणि कंपन्यांच्या गटांना पंधरवड्याचे फारसे काही नसते. वसईतील ख्रिस्ती समाजात ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ हा आध्यात्मिक साधनेचा पारंपरिक काळ आहे. इतरांना मंदीचे वाटणारे ते आठवडे त्या गटांसाठी महत्त्वाचे असतात.

पावसाळ्यात या डोंगराचे रूप पाहून मोह होतो. पण चिंचोटीच्या डोहात पर्यटक बुडण्याच्या घटना वारंवार झाल्या असून पावसाळ्यात धबधबे आणि समुद्रकिनाऱ्यांवर पोलिसांचे मनाई आदेश निघत आले आहेत. 'धबधब्यावर ध्यान' अशी जाहिरात करून पैसे घेतले आणि आदेश निघाला, तर कार्यक्रमाचा गाभाच गेला. पावसाळी शिबिर काढायचेच असेल तर ते छपराखाली पूर्ण होईल असेच आखावे.

हिशोब : शिबिर फायद्यात जाणार की तोट्यात, हे लोक जमण्यापूर्वी ठरलेले असते. खर्चाचे दोन ढीग करावेत. एक, माणसे कितीही आली तरी लागणारा. दुसरा, प्रत्येक माणसामागे वाढणारा. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार अशा दोन रात्रींच्या शिबिराचे एक गृहीत उदाहरण घेऊ. मार्गदर्शकाचे मानधन ३०,००० रुपये, आयोजकाची मजुरी २४,०००, मिनीबस १८,०००, प्रसिद्धी ६,०००, औषधपेटी व किरकोळ ६,०००. एकूण स्थिर खर्च ८४,०००. माणशी खोली दोन रात्रींचे १,८००, जेवणखाण १,४००, साहित्य ३००; म्हणजे ३,५००. शुल्क ८,५०० ठेवले तर प्रत्येक माणसामागे ५,००० रुपये स्थिर खर्चाकडे जातात. ८४ हजारांना पाच हजारांनी भागले की १६.८ येतात, म्हणजे सतरावा माणूस आला तेव्हा कुठे शिबिर तोट्यातून बाहेर पडले. वीस आले तर १६,००० उरतात, चोवीस आले तर ३६,०००. पंधराच आले तर ९,०००चा खड्डा.

आता याच उदाहरणात दोन नेहमीच्या गोष्टी घालून पाहाव्यात. लवकर नोंदणी करणाऱ्या आठ जणांना दीड हजाराची सवलत दिली तर १२,००० गेले; वीस माणसांचा नफा १६ हजारांवरून ४ हजारांवर आला. सवलत द्यायची तर ती शुल्कात आधी मिळवलेली असावी, आणि तिच्या बदल्यात पूर्ण पैसे आगाऊ घ्यावेत. दुसरी गोष्ट जागामालकाची 'मिनिमम गॅरंटी'. वीस माणसांचे बिल नक्की असा करार असेल आणि पंधरा आले, तर न आलेल्या पाच जणांच्या खोली-जेवणाचे १६,००० द्यावे लागतात. तोटा नऊ हजारांचा पंचवीस हजार होतो. नवख्या आयोजकाला बुडवतो तो हाच आकडा, आणि गंमत म्हणजे दराची घासाघीस करताना याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. माणशी शंभर रुपये कमी करून घेण्यापेक्षा गॅरंटी वीसवरून चौदावर आणणे कितीतरी मोलाचे.

त्यामुळे जाणते आयोजक दोन तारखा ठरवतात. पहिली साधारण तीन आठवडे आधीची : तोवर ठरलेल्या संख्येइतके पूर्ण पैसे जमा झाले नाहीत तर शिबिर रद्द, सर्वांना परतावा. दुसरी तारीख आठवडाभर आधीची : त्यानंतर माघार घेणाऱ्याला पैसे परत नाहीत, पण आपल्या जागी दुसरा माणूस पाठवता येईल. या अटी नोंदणीच्या वेळीच लेखी कळवाव्यात. 'येतो नक्की' हा शब्द नोंदणी धरू नये, विशेषतः तो नातेवाइकाचा असेल तर.

करांचा परिणामही दरात धरावा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेल-खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर जागामालकाला इनपुट क्रेडिट मिळत नाही. त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. सेवा देणाऱ्या आयोजकाची वर्षाची उलाढाल २० लाखांपलीकडे गेली की त्यालाही नोंदणी करावी लागते. जागेचा दर विचारताना 'टॅक्स धरून किती' एवढे तीन शब्द विसरू नयेत.

जेवण : शिबिरानंतरच्या अभिप्रायांत मार्गदर्शकापेक्षा जेवणाचा उल्लेख अधिक असतो, हे मान्य करून चालावे. कामणसारख्या ठिकाणी शहरी पद्धतीचा बुफे मागवणे महाग पडते आणि फिकेही. जवळच्या गावांतील आणि पाड्यांवरील महिला बचत गटाला काम दिले तर तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, हंगामातील रानभाज्या आणि मासे खाणाऱ्यांना सुक्या मासळीची चटणी मिळते; न्याहारीला वसईची सुकेळी ठेवता येते. एक पथ्य मात्र पाळावे. संख्या दोन दिवस आधी पक्की सांगावी आणि पैसे निघण्याच्या दिवशीच चुकते करावेत. बचत गटाकडे उधारी सोसण्याइतके भांडवल नसते. जैन जेवण, उपवास, मधुमेह यांची विचारणा नोंदणीच्या अर्जातच असावी.

कार्यक्रमालाही गाव काही देऊ शकते. शेजारचे जूचंद्र रांगोळी कलावंतांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कलावंताला मानधन देऊन अर्ध्या दिवसाची कार्यशाळा ठेवली, तर ती बाहेरून आणलेल्या 'टीम बिल्डिंग'च्या खेळांपेक्षा स्वस्तही पडते आणि लक्षातही राहते. आदिवासी पाड्यावर पाहुण्यांना फिरवून आणणे हा मात्र कार्यक्रम नव्हे. तिथल्या लोकांनी बोलावले असेल, त्यांच्या कामाचा मोबदला दिला जात असेल, तरच जावे.

परवाने व सुरक्षा : जागा बिगरशेती आहे का, बांधकाम अधिकृत आहे का, अग्निशमनाची सोय आहे का, हे कागद पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. वसई पूर्वेत अनधिकृत बांधकामांचा प्रश्न जुना आहे आणि कारवाईची वेळ आयोजकाची तारीख बघून येत नाही. शेतकऱ्याच्या जागेत मुक्काम असेल तर राज्याच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणाखाली त्याची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का ते विचारावे. अभयारण्यात शिरण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. तिथे तंबू टाकून रात्र काढण्याची योजना आखूच नये. याच अभयारण्यातला, परशुराम कुंडाजवळचा मोठा आश्रमदेखील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१९मध्ये पाडला गेला, यावरून नियम किती कडक आहेत ते कळावे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. परदेशी पाहुणा असेल तर जागामालकाला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते.

डोंगराच्या कुशीत साप-विंचू आहेतच. बॅटरी, बंद चपला, अंथरूण झटकून घेणे या सूचना पहिल्याच संध्याकाळी द्याव्यात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण कामणच्या रस्त्यावरची वाहतूक लक्षात घेता एक गाडी व तिचा चालक रात्रभर जागेवर असावा. सर्पदंशावरचे प्रतिविष कोणत्या रुग्णालयात आहे, हे शिबिराच्या आदल्या दिवशी फोन करून विचारावे. मुलांचे शिबिर असेल तर पालकांची लेखी संमती आणि मुलींसाठी स्त्री कार्यकर्ती यांत तडजोड नाही.

स्पर्धा : अर्नाळा, कळंब, राजोडी या किनाऱ्यांवर एकदिवसीय सहलीची रिसॉर्टे दाट आहेत आणि दराच्या शर्यतीत कामणच्या आयोजकाने त्यांच्याशी भिडू नये, ती गर्दीवर चालतात. लोणावळा-कर्जतचे नाव मोठे, पण पश्चिम उपनगरांतल्या माणसाला शुक्रवारी संध्याकाळी तिकडे पोचण्यापेक्षा वसई जवळ पडते. कामणचा फायदा एवढाच, आणि तो पुरेसा आहे : बोरिवली-विरार पट्ट्यातील पंधरा-वीस जणांचा, वर्षातून दोनदा परत येणारा गट. अशा गटासाठी प्रसिद्धीचा खर्च दुसऱ्या वेळेपासून जवळजवळ शून्यावर येतो, आणि वरच्या उदाहरणातील सहा हजार रुपये थेट नफ्यात जमा होतात.

नव्या आयोजकाने या पट्ट्यातील जागा रविवारी सकाळी पाहून पसंत करू नये. शुक्रवारी संध्याकाळी चिंचोटी फाट्यावरून गाडीने जावे, रात्र तिथेच काढावी, पाणी, वीज आणि आवाज तपासावेत, आणि मगच विसार द्यावा.