भटकी कुत्री व मांजरे : पर्यटनस्थळांतील सेवाकार्य

पर्यटनस्थळांच्या परिसरात मालकाविना राहणाऱ्या कुत्र्यामांजरांना अन्न, औषधोपचार व आश्रय देणारे, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करणारे आणि त्यांच्या सामूहिक हत्येला पर्याय शोधणारे धर्मादाय स्वरूपाचे कार्य. सर्वसाधारण भूतदयेपेक्षा या कार्याचे प्रश्न काहीसे वेगळे आहेत. पर्यटनस्थळी अन्नाचा पुरवठा हंगामी असतो. उपाहारगृहे गजबजली, की उष्ट्या अन्नावर प्राण्यांची वीण वाढते आणि ती बंद झाली, की उपासमार सुरू होते. प्राण्यांबद्दलची कणवही बरीचशी हंगामी असते. कारण ती बाळगणारा प्रवासी आठ-पंधरा दिवसांत परत जातो. कुत्रा चावण्याचा धोका, घाण व रात्रीचे भुंकणे मात्र स्थानिक रहिवाशांना बारमाही सोसावे लागते. पाहुण्यांची ही तात्पुरती कणव जेथे स्थानिक मनुष्यबळ, सार्वजनिक आरोग्यव्यवस्था व कायदा यांच्याशी जोडली गेली, तेथे हे कार्य टिकले. जेथे तसे झाले नाही, तेथे ते खंडित झाले.

पूर्वपीठिका : मोकाट प्राण्यांना घास देण्याची रीत फार जुनी आहे. वैश्वदेवाच्या वेळी कुत्रे, कावळे इत्यादींसाठी अन्न बाजूला काढण्याचा दंडक धर्मशास्त्रात आहे. श्वानाला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देणाऱ्या युधिष्ठिराची कथा सर्वश्रुत आहे. दत्तात्रेय व खंडोबा यांच्या मूर्तिपरंपरेतही कुत्र्याला स्थान आहे. पारशी अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडणे आवश्यक मानले जाते. या श्रद्धेचा नगरप्रशासनाशी संघर्ष मुंबईत १८३२ मध्ये उघडपणे झाला. मोकाट कुत्री मारण्याची सरकारी मोहीम चालू असता जून महिन्यात पारशी समाजातील लोकांनी तिला प्रतिकार केला, दंगल उसळली व बाजार बंद पडले. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. यूरोपात प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था लंडन येथे १८२४ मध्ये निघाली आणि मेरी टीलबी या महिलेने हरवलेल्या व भुकेल्या कुत्र्यांसाठी १८६० मध्ये त्याच शहरात आश्रयगृह उघडले. संस्था, वर्गणीदार व आश्रयगृह हा सेवाकार्याचा आकृतिबंध यातून रूढ झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास स्वस्त झाला आणि उत्तर यूरोपातील मध्यमवर्ग भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर सुटी घालवू लागला. आपल्या देशात रस्त्यावर क्वचितच दिसणारी मालकाविना फिरणारी कुत्री-मांजरे या प्रवाशांना तेथे प्रथमच मोठ्या संख्येने दिसली. ग्रीसमधील प्राण्यांसाठी ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये एक निधी स्थापन झाला. प्रवाशांच्या देशात पैसा उभारायचा व पर्यटनस्थळी तो खर्च करायचा, या पद्धतीचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

इस्तंबूल : ऑटोमन राजधानीतील कुत्री मोहल्ल्यामोहल्ल्यांत वाटली गेलेली होती. ती उकिरडा साफ करीत, परक्या माणसावर भुंकत आणि रहिवाशांनी दिलेल्या तुकड्यांवर जगत. पाश्चात्त्य प्रवाशांना त्यांचे मोठे अप्रूप वाटे. मार्क ट्वेनने १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांविषयी लिहिले आहे. शहराला आधुनिक यूरोपीय वळण देऊ पाहणाऱ्या शासनाला मात्र हीच कुत्री मागासलेपणाची खूण वाटू लागली. १९१० मध्ये हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातील सिव्रिआदा या ओसाड, निर्जल बेटावर सोडण्यात आली. तेथे भूक व तहान यांनी ती मेली. त्यांचे आक्रंदन दूरवर ऐकू येत असे, ही आठवण शहराच्या लोकस्मृतीत टिकून राहिली आहे. पाहुण्यांच्या नजरेत शहर नीटनेटके दिसावे म्हणून प्राणी नाहीसे करण्याचे हे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण होय. या घटनेनंतर दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, शहरात प्राणिसंरक्षक संस्था स्थापन झाली.

पुढे तुर्कस्तानने २००४ च्या कायद्याने भटक्या प्राण्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याचे धोरण स्वीकारले. दुकानदार व रहिवासी यांनी ठेवलेल्या पाणी-अन्नाच्या वाडग्यांमुळे इस्तंबूलची मांजरे पर्यटकांचे आकर्षण बनली. आयासोफिया या वास्तूत राहणारी ग्ली नावाची मांजर २०२० मध्ये मरण पावली, तेव्हा तिची वार्ता जगभर छापली गेली. तथापि नगरपालिकांनी निर्बीजीकरणाचे काम पुरेशा गतीने केले नाही. कुत्र्यांची संख्या व हल्ल्यांच्या तक्रारी वाढत गेल्या. २०२४ च्या दुरुस्तीने कुत्री मूळ जागी सोडण्याची तरतूद काढून टाकण्यात आली, ती आश्रयस्थानांत ठेवण्याचे बंधन घालण्यात आले आणि आक्रमक वा असाध्य रोगाने ग्रस्त कुत्र्यांना मारण्याची मुभा देण्यात आली. दयाळू कायदाही अंमलबजावणीवाचून कसा उलटतो, हे यावरून दिसून येते.

रोम : रोममधील तोर्रे आर्जेंतीना या चौकात १९२६–२९ दरम्यान झालेल्या उत्खननात प्रजासत्ताककालीन चार मंदिरांचे अवशेष उघडे पडले. ज्या सभागृहात इ. स. पू. ४४ मध्ये जूलिअस सीझरची हत्या झाली, त्याचा काही भागही येथेच आहे. रस्त्याच्या पातळीखालील हे अवशेष रहदारीपासून सुरक्षित असल्याने मांजरांनी तेथे वस्ती केली. त्यांना अन्न घालणाऱ्या स्त्रिया रोममध्ये पिढ्यान्‌पिढ्या होत्या. परंतु वीण न रोखता घातलेल्या अन्नाने पिलांची व रोगांची संख्याच वाढे. १९९३ च्या सुमारास लिया डेकेल व सिल्व्हिया व्हिव्हिआनी यांनी या कामाला पद्धतशीर रूप दिले. रस्त्याखालील एका ओलसर पोकळीत आश्रयस्थान उभे राहिले आणि निर्बीजीकरणास प्राधान्य मिळाले. अवशेष पाहण्यास येणारे प्रवासी हेच येथील मुख्य देणगीदार बनले. मायदेशी परतलेल्या प्रवाशाने एखाद्या मांजराचा खर्च नियमितपणे पाठवावयाचा, अशी ‘दुरून दत्तक’ योजना त्यांच्यासाठी आखण्यात आली.

या कार्याला कायद्याचा आधार लाभला होता. इटलीच्या १४ ऑगस्ट १९९१ च्या कायद्याने असाध्य आजारी वा सिद्ध झालेली धोकादायक कुत्री-मांजरे वगळता इतर भटक्या कुत्र्यामांजरांची हत्या बंद केली, मोकळ्या मांजरांना त्यांच्या वस्तीतच राहू द्यावे असे ठरविले आणि त्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी सरकारी पशुवैद्यकांवर टाकली. २०१२ मध्ये पुरातत्त्व खात्याने, संरक्षित अवशेषांजवळील हे आश्रयस्थान अनधिकृत असल्याचे सांगून ते हलविण्याचा आग्रह धरला. त्याविरुद्ध मोठा जनक्षोभ झाला व आश्रयस्थान टिकून राहिले. २०२३ मध्ये अवशेषांमधून पदपथ बांधून ते प्रेक्षकांना खुले करण्यात आले, तरी मांजरांची वस्ती कायम आहे.

कार्यपद्धती : प्राणी पकडणे, त्याचे निर्बीजीकरण करणे, त्याला अलर्क रोगाची (पिसाळ रोगाची) लस टोचणे व मूळ जागी सोडणे, हे आधुनिक सेवाकार्याचे चार टप्पे होत. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाचा छोटासा तुकडा कापतात किंवा कानाला खाच पाडतात. त्यामुळे तोच प्राणी पुन्हा पकडला जात नाही. मूळ जागी सोडण्यामागे केवळ दया नाही. कुत्र्यांची टोळी आपली हद्द राखते. ती नाहीशी केली आणि उकिरडा तसाच ठेवला, तर शेजारची लस न टोचलेली कुत्री तेथे येतात व उरलेल्यांची पिले अधिक संख्येने जगतात. गर्भकाळ सु. नऊ आठवड्यांचाच असल्याने संख्या लवकर भरून निघते. अलर्क रोगाचा प्रसार थांबविण्यासाठी एकूण कुत्र्यांपैकी सु. ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असावी, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. सरसकट हत्येत लस टोचलेली कुत्रीही मारली जातात व हे प्रमाण खाली येते.

इंडोनेशियातील बाली या पर्यटनप्रसिद्ध बेटावर याचा कटू अनुभव आला. पूर्वी रोगमुक्त असलेल्या या बेटावर २००८ मध्ये अलर्क रोग शिरला. शासनाने प्रथम विषप्रयोगाने कुत्री मारण्यावर भर दिला. परंतु रोग बेटभर पसरला व शंभराहून अधिक माणसे दगावली. २०१० मध्ये प्राणिसेवी संस्थांच्या साहाय्याने बेटभर सामूहिक लसीकरण हाती घेतल्यावर मृत्यूंची संख्या झपाट्याने उतरली. मात्र रोगाचे समूळ उच्चाटन झाले नाही आणि पुढील काळात तो पुन्हा डोके वर काढताना दिसला.

गोवा : गोव्यात परदेशी प्रवाशांची खास भाड्याची विमाने १९८० च्या दशकात येऊ लागली. बार्देशच्या किनाऱ्यावर कळंगुट-बागा परिसरात झावळ्यांच्या शॅकची रांग उभी राहिली. ऑक्टोबर ते मे या काळात शॅकमधील उष्ट्यावर पोसलेली कुत्री, पावसाळ्यापूर्वी शॅक मोडल्या की उपाशी पडत. १९९८ मध्ये जॉन व जो हिक्स या ब्रिटिश दांपत्याने आंतरराष्ट्रीय प्राणिसेवी संस्थेच्या वतीने आसगाव येथे केंद्र सुरू केले. जखमी व खरजेने ग्रासलेल्या कुत्र्यांवर उपचार, निर्बीजीकरण व लसीकरण ही तेथील प्रमुख कामे होत. किनाऱ्यावर सुटी घालवण्यास आलेले प्रवासी येथे देणगीदार व स्वयंसेवक बनले.

गोव्यातील कार्याचा पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. जगातील अलर्क रोगाच्या मृत्यूंपैकी सु. एक-तृतीयांश मृत्यू भारतात होतात. या पार्श्वभूमीवर २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन रेबीज’ या ब्रिटिश उपक्रमाने राज्याचा पशुसंवर्धन विभाग व स्थानिक संस्था यांच्या सहकार्याने गोवाभर लसीकरणाचे काम केले. मोकाट कुत्र्यांना जाळ्यात धरून जागीच लस टोचावयाची, रंगाची खूण करावयाची व सोडून द्यावयाचे; प्रत्येक नोंद भ्रमणध्वनीवर करून कोणता वाडा राहिला ते पाहावयाचे, अशी ही पद्धत होती. ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचून ७० टक्क्यांची मर्यादा गाठण्यात आली, दरवर्षी सु. दीड लाख शाळकरी मुलांना, कुत्रा चावल्यास जखम साबणपाण्याने धुऊन तातडीने लस घ्यावी, यांसारखे शिक्षण देण्यात आले. २०१३ ते २०१९ या काळाच्या अभ्यासात कुत्र्यांमधील रोगाचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटल्याचे व माणसांतील मृत्यू थांबल्याचे नमूद आहे. २०२१ मध्ये गोवा हे ‘अलर्क रोग नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले. प्रवाशांच्या कणवेतून वाढलेल्या कार्याला सार्वजनिक आरोग्याचे रूप आल्याने त्याचा लाभ प्रथमतः स्थानिक मुलांना झाला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. तथापि रोगाला राज्याची सीमा नसते. शेजारच्या प्रदेशांतून तो पुन्हा येऊ नये म्हणून लसीकरण अखंड चालू ठेवावे लागते.

आर्थिक बाजू : या संस्थांचे उत्पन्न मुख्यतः देणग्या, वस्तूंची विक्री व दत्तक योजना यांतून येते. काही प्रवासी प्राणी मायदेशी नेतात. परंतु ही वाट अरुंद आहे. भारतातून यूरोपीय संघाच्या देशांत कुत्रा न्यावयाचा, तर त्वचेखाली ओळखपट्टी बसवून अलर्क रोगाची लस द्यावी लागते, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी करावी लागते आणि रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबावे लागते. सुटीवर आलेल्या माणसाला हे सहसा जमत नाही व पुढची जबाबदारी स्थानिक संस्थेवर पडते. प्रवाशांवरील अवलंबनाची मर्यादा २०२० च्या टाळेबंदीत प्रकर्षाने दिसून आली. उपाहारगृहांतील उष्टे अन्न व प्रवाशांच्या देणग्या एकाच वेळी बंद झाल्या. भारतात त्या वेळी भटक्या प्राण्यांना अन्न घालणाऱ्यांना सवलत द्यावी, अशा सूचना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने दिल्या. प्रत्यक्षात हे काम त्या त्या गावच्या रहिवाशांनीच केले.

आक्षेप व कायदेशीर स्थिती : या कार्यावरील सर्व आक्षेप निर्दयतेतून आलेले नाहीत. वाटेल तेथे अन्न घातल्याने कुत्र्यांच्या झुंडी जमतात आणि लहान मुले, वृद्ध व पहाटे कामावर जाणारे मजूर यांना त्यांचा उपद्रव होतो. मोरजी, आगोंद व गालजीबाग या गोव्याच्या किनाऱ्यांवर सागरी कासवे अंडी घालतात. ती घरटी कुत्री उकरतात, तेव्हा एका प्राण्यावरील दया दुसऱ्याच्या जिवावर बेतते. परदेशी प्रवाशाच्या कणवेत स्थानिक माणसाच्या अडचणींविषयी अनास्था असते, अशीही टीका होते. बारमाही कचरा-व्यवस्थापन आणि पाळीव प्राण्यांची नोंदणी यांवाचून केवळ निर्बीजीकरणाने संख्या आटोक्यात येत नाही, हे आता बहुतेक संस्था मान्य करतात. ग्रीसने २०२१ च्या कायद्याने अशा नोंदणीची सक्ती केली.

भारतात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली २००१ मध्ये कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम करण्यात आले व त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. निर्बीजीकरण, लसीकरण व मूळ जागी सोडणे हेच या नियमांचे सूत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रथम दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री आश्रयस्थानांत हलविण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात तो सौम्य करून, अलर्क रोगग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास अनुमती दिली आणि अन्न घालण्यासाठी जागा ठरवून देण्यास सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके इत्यादी ठिकाणची कुत्री हलवावीत व ती तेथे परत सोडू नयेत, असा आदेश झाला. प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क अन्वये नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. निर्भयपणे रस्त्यावरून चालता येणे ही त्याच नागरिकांची रास्त अपेक्षा आहे. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम प्रवासी निघून गेल्यानंतरही तेथेच राहणाऱ्यांवर पडते. त्यासाठी लागणारे पशुवैद्यक, लस व स्वच्छता ही साधने त्यांना वर्षभर मिळतात की नाही, यावरच पर्यटनस्थळांतील या सेवाकार्याचे यश अवलंबून आहे.