इंडियन की कमोड? आणि त्याआधीचा प्रश्न



अकलूजमध्ये घर बांधायला काढलं की गवंडी विचारतोच, "ताई, इंडियन की कमोड?" आमच्या घरी यावर दोन तट पडले. सासरे म्हणतात, उकिडवं बसल्याशिवाय पोट साफ होत नाही. सासूबाई म्हणतात, आता गुडघे वाकत नाहीत. विषय चारचौघांत बोलायचा नाही असं आपल्याला शिकवलंय, पण त्यामागे मोठा इतिहास आहे.

उकिडवं बसणं ही फक्त आपली पद्धत नाही. चीन, जपान, तुर्कस्तानातही जुनी रीत तीच. रोमन लोक मात्र दगडी बाकांवर ओळीने बसत आणि खालून पाणी वाहत असे. आपल्याकडे रायगडावर राणीवशाला लागून असलेले शौचकूप आजही दाखवतात. इंग्लंडात जॉन हॅरिंग्टनने १५९६ मध्ये पाण्याने धुतल्या जाणाऱ्या संडासाची माहिती छापली. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंगने वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. त्या वाकात थोडं पाणी अडून राहतं, म्हणून घाण वास घरात येत नाही. आज कमोड असो की इंडियन भांडं, दोन्हींत ही पाण्याची अडवणूक असते.

शरीराचं म्हणाल तर सासऱ्यांचंही खरं आहे. उकिडवं बसल्यावर आतड्याच्या शेवटच्या भागाचा वाक सरळ होतो आणि जोर कमी लावावा लागतो. पण गुडघ्याची झीज झालेल्या माणसाला कमोड हाच आधार. त्यावर बसताना पायांखाली छोटा पाट ठेवला की निम्मं काम साधतं.

मात्र बसायचं कसं, याच्या आधी एक प्रश्न होता: ते उचलायचं कोणी? आपल्या जुन्या गावांत, शहरांत टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून एक माणूस, बहुतेकदा एक बाई, यायची आणि डोक्यावरून मैला न्यायची. घरातले पुढच्या दाराने, ती मागच्या. काम आपलं आणि विटाळ तिचा, असा तो हिशेब होता.

हा हिशेब ज्यांना सहन झाला नाही, त्यांत कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन होते. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी स्वतःहून सफाईचं काम मागितलं. ते नाकारलं गेलं तेव्हा त्यांनी अन्न सोडायला सुरुवात केली, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचं खत होईल असे स्वस्त संडास बांधून दाखवले. खत झालं की कुणाला ओझं वाहावं लागत नाही.

आजचा दोन खड्ड्यांचा संडास त्याच वाटेवरचा. उताराच्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. पहिल्यातलं पुढे माती होऊन जातं. कायद्याने १९९३ मध्ये हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी आली. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणंही गुन्हा ठरवलं. तरी अशा टाक्यांत माणसं दगावल्याच्या बातम्या येतातच.

आपल्या मुनिमहाराजांच्या पाच समितींपैकी शेवटची उत्सर्ग समिती. जिथे जीव नाहीत अशी जागा नीट पाहूनच मलमूत्र टाकायचं, हा नियम. कमंडलूतलं पाणी त्या शुद्धीसाठीच असतं. आपण श्रावक तेवढं पाळू शकत नाही, पण आपल्या शरीरातून गेलेलं पुढे कोणाच्या वाट्याला जातं, हे विचारणं त्यातच येतं. किड्यामुंगीची काळजी करायची आणि टाकीत उतरणाऱ्या माणसाची नाही, हे कसं चालेल?

आमच्याकडे ठरलं ते असं: खाली सासूबाईंसाठी कमोड, भिंतीला धरायला दांडी; वरती इंडियन. गवंड्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली: टाकीचं झाकण रस्त्याच्या बाजूला घ्या, म्हणजे उपसायची गाडी थेट पाइप टाकू शकेल. तुमचं बांधकाम चालू असेल तर हे आजच विचारून घ्या. फरशी बसल्यावर ते जमत नाही.